ड्रायव्हरशेजारी बसू न देणारा देश

शिवाजी पेठेतल्या क्रांती पोवारचं नाव तिच्या वडिलांनी ठेवलं. ते लाल बावट्याच्या मोर्चात सगळ्यात पुढं असायचे. लेकीनं जन्मभर क्रांती काय केली म्हणाल, तर लोकांच्या साड्यांना फॉल लावले. घराच्या पुढच्या खोलीत पिकोचं मशीन, भिंतीला रिळांची फळी आणि दारावर पाटी, 'पिको-फॉल एका दिवसात'. एका दिवसात साडी कधीच मिळत नाही हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे, तरी गिऱ्हाईक तुटलेलं नाही. क्रांतीचा टाका सुलट्या अंगाला दिसत नाही, म्हणून बायका चार दिवस थांबतात.

नवरा गणपतराव एसटीत ड्रायव्हर होते. तेहतीस वर्षं गाडी चालवली, चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही, आणि हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच, क्रांतीही ते गिऱ्हाइकांना सांगायची. मागच्या साली रिटायर झाले.

ड्रायव्हरच्या बायकोला सुट्टी नावाची गोष्ट ठाऊक नसते. जगाला सुट्टी लागली की ड्रायव्हरची रद्द होते. दिवाळीत जादा गाड्या, मे महिन्यात जादा गाड्या, चैत्रात जोतिबाची यात्रा म्हणून जादा गाड्या. गणपतरावांनी अर्धा जिल्हा कोकणात नेऊन समुद्र दाखवला आणि बायको घरात मशीनवर बसली. जूनमध्ये गिऱ्हाइकं साड्या घेऊन यायची आणि सोबत फोटो आणायची. आधी महाबळेश्वर, मग मनाली, हल्ली दुबई आणि सिंगापूर. क्रांती दातात दोरा धरून "व्हय का, लई छान" म्हणायची. तोंडात दोरा असला की जास्त बोलावं लागत नाही, तेवढीच सोय.

पण तिचं खरं दुखणं ते नव्हतंच. दोघं मिळून जिथं म्हणून गेली, तिथं ती एकटीच गेली होती. लग्नानंतर पाचव्या दिवशी जोडीनं जोतिबाला निघाले. हिरव्या चुड्याचे हात पिशवीवर धरून क्रांती खिडकीशी बसलेली. गणपतरावांनी गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा बघितला, "बस हितं, आलोच" म्हणाले, आणि ते केबिनमध्ये गेलेले थेट डोंगरावर उतरताना दिसले. तेव्हापासून तेच. बहिणीच्या लग्नाला, अनुजाच्या कॉलेजच्या प्रवेशाला, सासूच्या दिवसांना, गाडी कुठलीही असो, गणपतराव बायकोला मागं बसवायचे, तिच्या मांडीवर सामान ठेवायचे आणि स्वतः ड्रायव्हरशेजारच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. तिरुपतीला गेले तेव्हा ड्रायव्हर तेलुगू होता. गणपतरावांना तेलुगूचा त सुद्धा येत नव्हता. तरी दिवसभर तिथंच. मागं क्रांती एका अनोळखी म्हाताऱ्याची झोपेत कलंडणारी मान खांद्यावरून सरळ करत बसली होती.

का, हे तिनं कधी विचारलं नाही. उत्तर तिनं स्वतःच काढून ठेवलं होतं. ह्या माणसाला आपल्याशी बोलण्यासारखं काही नाही. असं एकदा मनात बसलं की ते धुऊन जात नाही. माणूस वाईट नव्हता. पगार घरात देत होता, दारू नव्हती, हात उचलणं नव्हतं. त्यामुळं तक्रार करायचीही पंचाईत, लोक म्हणाले असते, बाईला सुख टोचतंय.

आणि अशात पुण्याहून अनुजाचा फोन आला. अनुजा म्हणजे एकुलती एक लेक, तिकडं कंपनीत चांगल्या जागेवर.

"मम्मी, तुमचे पासपोर्ट निघाले ना? आता मार्चअखेरीला तुम्हा दोघांना परदेशात पाठवणार मी. तिकडं तेव्हा वसंत ऋतू असतो. हॉलंडला ट्युलिपची शेतं नाहीतर जपानला चेरीचा बहर. दोनातलं एक सांगा. रविवारपर्यंत सांगा, व्हिसाला वेळ लागतो."

क्रांतीला ट्युलिपचं काही पडलेलं नव्हतं आणि चेरी तिनं फक्त केकवर बघितली होती. तिला आठ दिवस नवरा शेजारच्या सीटवर हवा होता, एवढंच. देश कुठलाही चालला असता. पण हे लेकीला कोण सांगणार? पंचावन्नाव्या वर्षी बाई म्हणते नवरा शेजारी बसावा! ऐकणारा हसलाच असता. म्हणून ती "बघते, इचारते, कळवते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर कापड टाकून, अनुजानं सांगितलेल्या राजारामपुरीतल्या टूरच्या ऑफिसात जाऊन बसली.

तिथं मदिहा नावाची तरतरीत पोरगी होती. तिनं पाणी दिलं, दोन्ही सहलींची रंगीत पुस्तकं पुढं ठेवली आणि फुलांबद्दल सांगायला लागली. क्रांतीनं तिला अर्ध्यात थांबवलं.

"ते राहू दे बाळ. मला एक सांग, तिकडं बसमधी ड्रायव्हरच्या शेजारी प्रवाशाला बसू देत्यात का?"

मदिहाला वाटलं काकूंना गाडी लागते. "काकू, गाडी लागत असेल तर आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत जागा देतो—"

"लागत न्हाय. बसू देत्यात का, तेवढं सांग."

"हॉलंडला नाही. आमच्या तिकडच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी फक्त टूर मॅनेजर बसतो. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचंसुद्धा नाही."

"बोलायचं बी न्हाय?"

"नाही, काकू. कडक आहेत ते."

"आणि कोणी गेलंच पुढं तर?"

"गाडी थांबवतात आणि मागं पाठवतात."

क्रांतीला त्या देशाबद्दल एकदम माया वाटली. "आणि जपानात?"

"तिथल्या गाड्या आमच्या ठरलेल्या नसतात, त्यामुळं खात्रीनं नाही सांगता येणार."

म्हणजे जपान बाद. खात्री नाही म्हटल्यावर गणपतराव शिरलेच म्हणून समजा. ज्यानं तेलुगू येत नसताना तिरुपती गाठलं, त्याला जपानी काय अडवणार? दोन ड्रायव्हरांना भाषा लागतच नाही. एक जण आरशाकडं बोट दाखवतो, दुसरा मान हलवतो, झाली दोस्ती. हॉलंडचं पुस्तक तेवढं घेऊन क्रांती घरी आली. बऱ्याच वर्षांनी तिला एखादी गोष्ट आपल्या मनासारखी होईलसं वाटत होतं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. गणपतरावांनी पुस्तक उघडलं, फुलांची पानं भराभर उलटली आणि बसचा फोटो आला तिथं बोट ठेवलं.

"स्टेअरिंग डाव्या बाजूला हाय हिचं."

"असू दे की."

"असू दे काय? म्हंजे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं पळत्यात. समोरनं येणारी गाडी अंगावर आल्यागत दिसणार. न्हाय, हॉलंड न्हाय. जपान करू. तिकडं सगळं आपल्यागत डाव्या अंगानं हाय."

"तुम्हाला काय गाडी चालवायची हाय व्हय तिथं?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं?"

तसं म्हणजे कसं, हे मात्र सांगेनात. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत घरात हीच रड. गणपतरावांनी मोबाईलवरून डाव्या अंगानं गाड्या चालवणारे देश शोधून कागदावर उतरवले आणि तो कागद फ्रीजवर चिकटवला. जपान, थायलंड, श्रीलंका, इंग्लंड. क्रांती हॉलंड म्हणाली की ते उठून फ्रीजपाशी जायचे. तिनं सांगितलं, ट्युलिपची शेतं लई देखणी असतात. ते म्हणाले, फुलं मार्केटात मिळत्यात. तिनं सांगितलं, अनुजाची मैत्रीण जाऊन आली. ते म्हणाले, मैत्रिणीचा बाप ड्रायव्हर हाय का? बोलून बोलून क्रांतीचं डोकं उठलं. तीही ताकाला जाऊन भांडं लपवत होती आणि तेही, त्यामुळं भांडण फुलांवरून आणि स्टेअरिंगवरूनच चाललं होतं. त्या पाच दिवसांत तिनं एका साडीला फॉल उलटा लावला. असं तिच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

शनिवारी अनुजानं व्हिडिओ कॉल केला. "उद्या शेवटचा दिवस, मम्मी. काय ठरलं?"

क्रांती काही बोलायच्या आत गणपतराव म्हणाले, "असं कर अनू, तुम्ही मायलेकी जावा हॉलंडला. मी हितं घर बघतो. मला काय त्याचं एवढं न्हाय."

झालं. क्रांतीच्या हातातली कात्री खाली पडली.

"तुम्हाला न्हायच त्याचं काय!" ती ओरडली. पेठेतल्या भिंती पातळ, शेजारी टीव्हीचा आवाज कमी झाला तरी ती थांबली नाही. "कधी होतं? लग्न होऊन पाच दिवस झालते, तवापासनं मला मागं टाकून पुढं जाऊन बसताय. जोतिबाला एकटी, तिरुपतीला एकटी, तुमच्या आईच्या दिवसांना बी एकटी! मी काय सामान हाय? माझ्या शेजारी बसायची एवढी शिसारी हाय तर लगीन कशाला केलं? आठ दिवस, फक्त आठ दिवस शेजारी बसा म्हणून मी त्या पोरीला जाऊन इचारलं, ड्रायव्हरशेजारी बसू देत न्हाईत असा देश सांग म्हणून. लाज सोडून इचारलं!"

गणपतराव भिंतीकडं बघत राहिले. गिअर अडकल्यागत, एकेक शब्द बाहेर आला.

"शिसारी न्हाय. मला मागं बसलं की भ्या वाटतं."

"काय?"

"भ्या वाटतं. रस्ता दिसत न्हाय, पायाखाली ब्रेक नसतो. छातीत धडधडतं, हातापायाला घाम सुटतो. दुसरा माणूस गाडी चालवतोय आणि मी मागं गप बसलोय, हे मला जमतच न्हाय. पुढं बसलो, रस्ता दिसला, की बरं असतंय. ड्रायव्हर गाडीला भितो, हे डेपोत कळलं असतं तर लोकांनी जगू दिलं नसतं. म्हणून कुणाला बोललो न्हाय."

"मला बी न्हाय?"

"तुला कसं सांगू? तू तर सगळ्यांना सांगत हुतीस, चाकाखाली कुत्रं आलं न्हाय म्हणून."

अनुजा तिकडून हळूच म्हणाली, "पप्पा, हे असं असतं पुष्कळांना." क्रांतीला मात्र दया आली नाही. गोष्टीत बायकांना अशा वेळी दया येते. तिला राग आला. तेहतीस वर्षं तिनं स्वतःला नावडती समजून काढली होती, आणि कारण काय, तर ब्रेक! हे त्यांनी जोतिबाच्या पायरीवर सांगितलं असतं तर तिचा अर्धा जन्म हलका गेला असता. तिनं फोन बंद केला आणि आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "कोडोलीला भावाकडं जायचंय. एसटीनं. मागं बसायचं, माझ्याशेजारी. तासाभराचा रस्ता हाय. बघू तरी किती भ्या वाटतं ते." गणपतराव नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायची त्यांची सोय उरली नव्हती.

स्टँडवर कोडोलीची गाडी लागलेली होती. जुनी, केबिनला जाळी असलेली, आणि ड्रायव्हर कामिल मुजावर. गणपतरावांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं बघितल्याबरोबर हाक मारली.

"गणूदा, या की पुढं! बाकडं रिकामंच हाय."

"नको रे. आज हितंच बसतो."

कामिलनं आरशातून दोनदा बघितलं. त्याला वाटलं, गणूदांचं काहीतरी बिनसलंय.

गाडी पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत बरं चाललं. गणपतराव खिडकीशी, क्रांती शेजारी. तिनं ह्या घडीची एवढी वाट बघितली होती, आणि आता बोलायचं काय तेच सुचेना. शिरोलीच्या पुढं हमरस्त्याला उसाचे ट्रॅक्टर लागले. दोन-दोन ट्रॉल्या डुलत निघालेल्या. कामिलनं एकाला मागं टाकलं तसा गणपतरावांचा उजवा पाय पुढच्या सीटच्या खाली जाऊन घट्ट दाबला गेला. मग पुन्हा. मग पाय उचललाच नाही. समोरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. थंडीतल्या सकाळी गळ्यावरून घाम ओघळून सदऱ्याच्या कॉलरात जात होता. चेहरा राखेसारखा झाला. क्रांतीनं त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. रिटायर व्हायच्या दिवशीही नाही.

"पाणी देऊ?"

"नको. बोलू नको जरा."

म्हणजे शेजारी बसूनही बोलायचं नाहीच! तिला हसावं की रडावं कळेना. वाठारच्या थांब्यावर गाडी थांबली तशी ती उठली.

"उठा."

"काय झालं?"

"पुढं चला. मी बी येते."

तिनं त्यांच्या दंडाला धरून उठवलं, पिशवी घेतली आणि जाळीचं दार ढकललं. कामिल मागं वळून म्हणाला, "या वैनी, बसा." त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. यात्रेच्या गर्दीत लेकुरवाळ्या बायका रोजच केबिनमध्ये बसतात.

गाडी निघाली आणि क्रांतीला रस्ता दिसला. आजवर तिला रस्ता कडेनंच दिसायचा, मागं पळणारा. हा समोरून येत होता, सगळाच्या सगळा, मोठ्या काचेतून. दोन्हीकडं उभा ऊस, मध्येच तोडलेलं रान, लांबवर पन्हाळ्याचा डोंगर. आणि गणपतरावांना वाचा फुटली. कपाळ पुसता पुसता ते बोलायला लागले ते थांबेचनात. ह्या वळणावर पहिल्या पावसात गाडी सरकते. त्या वडाखाली एक म्हातारी रोज हात करायची आणि कधीच गाडीत बसायची नाही, नुसती विचारायची, लेकरा जेवलास का. पुढच्या ओढ्याला एकदा पूर आला तेव्हा साठ माणसं घेऊन पाच तास उभा होतो, गाणी म्हणायला लावली सगळ्यांना. क्रांती ऐकत होती. ह्यातलं एकही तिला माहीत नव्हतं. बोलायला काही नसलेला माणूस म्हणे! हा तर बोलका होता, मिश्कील होता, आणि तो तिला पंचावन्नाव्या वर्षी वाठारच्या पुढं भेटत होता.

दहा मिनिटं ती खूश होती, अगदी मनापासून. मग तिच्या ध्यानात आलं की हे बाकडं कायम इथंच होतं. तीन माणसांचं बाकडं.

"अवो," ती म्हणाली, "तुम्हाला भ्या वाटत हुतं, ते कळलं. सांगायची लाज वाटली, ते बी कळलं. पण मला सोबत आणायला काय झालतं? एकदा तरी म्हणायचं, तू बी ये की पुढं."

गणपतरावांनी खरोखर विचार केला. तोंड चुकवलं नाही, सबब शोधली नाही. कामिलनंही गाडीचा वेग जरा कमी केला.

"सुचलंच न्हाय गं," ते म्हणाले.

ह्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं. भीतीला इलाज असतो, लाजेला असतो. सुचलंच नाही ह्याला काय करायचं? क्रांती कोडोली येईपर्यंत काचेतून समोरचा रस्ता बघत बसली.

कोडोलीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या अनुजाचा फोन आला. "मम्मी, ऑफिसवाली मदिहा थांबलीय माझ्यासाठी. हॉलंड की जपान?"

"हॉलंड," क्रांती म्हणाली. "दोन तिकिटं काढ. एक माझं, एक तुझं."

"आणि पप्पा?"

"त्यांना मी कशाला इचारू? त्यांनी मला इचारलं हुतं का कधी?"

गणपतराव पिशवी धरून मागं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. एक गाडी धुरळा उडवत गेली, ती जाईपर्यंत ते थांबले आणि मग दोन पावलं पुढं आले.

"क्रांते," ते म्हणाले, "मी बी येतो की."

ती वळली. "तिकडं पुढं बसू देत न्हाईत. आठ दिवस मागं बसावं लागंल. गाड्या उजव्या अंगानं पळत्यात."

"बसतो."

"घाम सुटंल."

"सुटू दे," गणपतराव म्हणाले, आणि त्यांच्या गळ्यावर आत्ताच घाम फुटलेला तिला दिसला.

"मम्मी," अनुजा फोनमधून विचारत होती, "मग दोन की तीन?"

क्रांतीनं लगेच उत्तर दिलं नाही. गणपतराव तिच्या तोंडाकडं बघत उभे होते. थोडा वेळ त्यांनाही वाट बघू दे, असं तिला अगदी मनापासून वाटलं.